प्राथमिक शाळांच्या विस्तारातील पर्यावरण व स्वच्छता व्यवस्थापन

प्राथमिक शाळांच्या विस्तारातील पर्यावरण व स्वच्छता व्यवस्थापन ही अस्तित्वात असलेल्या शाळेत वर्गखोल्या, तुकड्या, स्वयंपाकघर किंवा स्वच्छतागृहे वाढवताना अवलंबली जाणारी नियोजनपद्धती आहे. विस्तारामुळे पाणी, सांडपाणी, मैला, घनकचरा, माती, झाडे आणि विद्यार्थ्यांचे आरोग्य यांवर होणाऱ्या परिणामांचा आधी अंदाज घेणे, ते टाळणे वा कमी करणे आणि बांधकाम पूर्ण झाल्यानंतर सुविधा वापरायोग्य ठेवणे हे तिचे तीन मुख्य भाग होत. या लेखात प्रामुख्याने भारतातील, विशेषतः ग्रामीण महाराष्ट्रातील, सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांचा विचार केला आहे.

एका शाळेत दोन-तीन खोल्यांची भर पडणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने लहान काम समजले जाते. तथापि अशी कामे देशभर मोठ्या संख्येने होतात आणि त्यांचा परिणाम सहा ते चौदा वयोगटातील मुलांवर दररोज होतो. पटसंख्या वाढली, पण शौचालये, पाण्याची टाकी व शोषखड्डा पूर्वीचेच राहिले, तर आधीपासून चालू असलेली व्यवस्थाही कोलमडते. अतिसार, जंतांचा प्रादुर्भाव, मुलींची गैरहजेरी व अपघात ही त्याची संभाव्य फलिते आहेत.

पार्श्वभूमी

भारतात प्राथमिक शाळांच्या बांधकामाला १९९४ साली सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने गती दिली. या कार्यक्रमाला जागतिक बँकेसह अनेक बाह्य संस्थांचे अर्थसाहाय्य होते. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर व उस्मानाबाद हे मराठवाड्यातील जिल्हे त्यात समाविष्ट होते. पुढे २००१ पासून सर्व शिक्षा अभियान व २०१८ पासून समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनांतून वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, आवारभिंती व पेयजलाची कामे होत आली आहेत.

शाळेतील भौतिक सुविधांबरोबर शाळेचा स्वच्छताविषयक भारही वाढला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर धान्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. त्यामुळे शाळेत चूल किंवा गॅस, भांडी धुण्याचे पाणी, उष्टे-खरकटे आणि धान्यसाठा या नव्या बाबी आल्या. जुन्या इमारतींच्या रचनेत त्यांचा विचार नव्हता.

कायदेशीर चौकट

शिक्षण हक्क कायदा

संविधानातील २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१ क समाविष्ट झाला. त्यानुसार करण्यात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळेसाठी पुढील गोष्टी आवश्यक ठरवल्या आहेत : सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलगे व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सर्व मुलांना पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी, पोषण आहार शाळेत शिजवला जात असल्यास स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि आवारभिंत किंवा कुंपण. आधीपासून चालू असलेल्या शाळांना ही पूर्तता करण्यासाठी तीन वर्षांची मुदत देण्यात आली होती.

कायद्यातील शिक्षकसंख्येचे प्रमाण विस्ताराची गरज ठरवते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार आणि १२१ ते २०० पर्यंत पाच शिक्षक आवश्यक असतात. १५० हून अधिक विद्यार्थी असल्यास पाच शिक्षकांखेरीज मुख्याध्यापक लागतो. म्हणजेच पट एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात गेला की खोली वाढवावी लागते. स्वच्छतागृहांच्या बाबतीत मात्र अनुसूचीत विद्यार्थ्यांमागे संख्या दिलेली नाही. त्यामुळे वर्गखोल्या वाढल्या तरी स्वच्छतागृहे तेवढीच राहण्याचा धोका उरतो.

न्यायालयीन निर्णय

३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एन्व्हायर्नमेंटल अँड कन्झ्युमर प्रोटेक्शन फाउंडेशन विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात सर्व राज्यांना शाळांत सहा महिन्यांच्या आत स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी उपलब्ध करून देण्याचे आदेश दिले.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. स्वयंपाकघरातील आग गवती छपरामुळे पसरली होती. या घटनेनंतरच्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि अग्निसुरक्षा व इमारत सुरक्षेविषयी निर्देश दिले. विस्तार करताना स्वयंपाकघराची जागा व छपराचे साहित्य ठरवण्याशी या निर्णयाचा थेट संबंध आहे.

पर्यावरणविषयक नियम

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार इमारत प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा २०,००० चौ. मी. बांधकाम क्षेत्रापासून सुरू होते. प्राथमिक शाळेचा विस्तार सामान्यतः या मर्यादेच्या फार खाली असतो, म्हणून त्यासाठी औपचारिक मूल्यांकन होत नाही आणि परिणामांची तपासणी स्थानिक पातळीवरच करावी लागते. मात्र झाडे तोडण्यासाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम किंवा नागरी भागांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम विचारात घ्यावा लागतो. राडारोडा व घनकचऱ्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियमही २०१६ चेच असून ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. लहान मुलांच्या शरीरात शिसे अधिक प्रमाणात शोषले जात असल्याने शाळेच्या रंगकामात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

जागतिक बँकेच्या कर्जावर चालणाऱ्या प्रकल्पांना १ ऑक्टोबर २०१८ पासून बँकेची पर्यावरण व सामाजिक चौकट लागू आहे. तिच्यात प्रकल्पांची जोखमीनुसार उच्च, लक्षणीय, मध्यम व कमी अशी वर्गवारी केली जाते.

सुविधांची प्रमाणे

केंद्र सरकारच्या स्वच्छ विद्यालय उपक्रमाच्या मार्गदर्शिकेत सुमारे ४० विद्यार्थ्यांमागे एक स्वच्छतागृह संच धरला जातो. एका संचात सर्वसाधारणपणे एक शौचकूप व तीन मुताऱ्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने अल्प खर्चाच्या परिस्थितीतील शाळांसाठी २००९ साली सुचवलेली प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत :

- २५ मुलींमागे एक शौचालय
- ५० मुलग्यांमागे एक शौचालय व एक मुतारी
- महिला व पुरुष कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकी एक स्वतंत्र शौचालय
- प्रत्येक विद्यार्थी व कर्मचाऱ्यामागे दररोज ५ लिटर पाणी
- हाताने पाणी ओतण्याच्या शौचालयांसाठी प्रतिव्यक्ती आणखी १.५ ते ३ लिटर, तर साखळी ओढण्याच्या शौचालयांसाठी १० ते २० लिटर पाणी

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसा भरणाऱ्या शाळांसाठी प्रतिव्यक्ती ४५ लिटर पाणी धरले आहे. हे प्रमाण नळयोजना व साखळीची शौचालये असलेल्या इमारतींना अनुरूप आहे.

उदाहरणादाखल, १२० विद्यार्थ्यांच्या शाळेचा पट २०० झाला व त्यांत निम्म्या मुली असल्या, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार मुलींसाठी चार शौचालये आणि मुलग्यांसाठी दोन शौचालये व दोन मुताऱ्या लागतात. विद्यार्थ्यांसाठी पाण्याची मूलभूत गरज दिवसाला ६०० लिटरवरून १,००० लिटरवर जाते. हाताने पाणी ओतण्याच्या शौचालयांसाठी आणखी ३०० ते ६०० लिटर पाणी लागते. त्यामुळे पूर्वी पुरेशी असलेली १,००० लिटरची टाकी विस्तारानंतर एका दिवसालाही पुरत नाही. केवळ खोल्यांच्या अंदाजपत्रकावर आधारलेल्या प्रस्तावात ही वाढ दिसून येत नाही.

जागेची निवड व पूर्वपाहणी

विस्ताराचा आराखडा करण्यापूर्वी आवाराचा नकाशा काढून त्यावर विहीर, हातपंप, जुने खड्डे, सेप्टिक टाकी, पाण्याचा उतार, मोठी झाडे व विजेच्या तारा दाखवणे ही पहिली पायरी होय. जुन्या सेप्टिक टाकीचे ठिकाण नोंदवलेले नसल्यास तिच्यावरच नवी खोली बांधली जाण्याचा किंवा गाळ उपसणाऱ्या वाहनाची वाट बंद होण्याचा संभव असतो.

भूगर्भरचनेनुसार धोका बदलतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर मातीचा थर पातळ असल्यास मैलापाणी खडकाच्या भेगांतून फारसे गाळले न जाता दूरवरच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. कोकणात जांभ्या खडकातून पाणी वेगाने झिरपते आणि पावसाळ्यात भूजलपातळी जमिनीलगत येते. काळ्या मातीच्या प्रदेशात जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पुरेशा पायाविना बांधलेल्या टाक्यांना व जोत्यांना तडे जातात. म्हणून भूजलाची पातळी उन्हाळ्यात न मोजता पावसाळ्याच्या अखेरीस, ती सर्वाधिक असताना, विचारात घेतली जाते.

झाड वाचवण्यासाठी खोलीची जागा काही मीटर सरकवणे हा अनेकदा सर्वांत स्वस्त उपाय असतो. शाळेच्या आवारातील वड, कडुनिंब वा चिंच यांची सावली उन्हाळ्यात वर्गाच्या तापमानावर आणि मुलांच्या खेळावर परिणाम करते. नव्या रोपाला तेवढी सावली देण्यास अनेक वर्षे लागतात. क्रीडांगण ही कायद्याने आवश्यक बाब असल्याने मैदानावर खोल्या बांधण्याऐवजी इमारतीची ताकद तपासून वरचा मजला चढवण्याचा पर्यायही विचारात घेतला जातो.

पाणीपुरवठा

पाण्याचा स्रोत विस्तारित पटसंख्येला उन्हाळ्यातही पुरेल की नाही हे आधी तपासावे लागते. पाण्याची गुणवत्ता भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार ठरते. या मानकानुसार १०० मि.लि. पाण्यात ई. कोलाय जीवाणू आढळता कामा नयेत. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मि.ग्रॅ. असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मि.ग्रॅ.पर्यंत मुभा आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मि.ग्रॅ. आहे.

यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अशा ठिकाणी केवळ नवी विंधन विहीर खोदल्याने प्रश्न सुटत नाही. फ्लोराइडचे अतिरिक्त प्रमाण दात व हाडे वाढीस लागण्याच्या वयातच अपाय करत असल्याने प्राथमिक शाळेत ही तपासणी विशेष महत्त्वाची असते. पाण्यातील नायट्रेट व जीवाणू एकाच वेळी वाढलेले आढळल्यास मैलापाणी स्रोतात मिसळत असल्याची शक्यता तपासली जाते.

२ ऑक्टोबर २०२० रोजी जल जीवन मिशनअंतर्गत शाळा व अंगणवाड्यांना नळाचे पाणी देण्याची १०० दिवसांची मोहीम सुरू झाली. नळजोडणी असली तरी पुरवठा दिवसाआड किंवा शाळेच्या वेळेबाहेर होत असल्यास पुरेशा साठवणुकीची गरज कायम राहते.

नव्या छपराचा उपयोग पर्जन्यजल संकलनासाठी करता येतो. १०० चौ. मी. छपरावर १,००० मि.मी. पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी गोळा झाले, तर वर्षाला सुमारे ८०,००० लिटर पाणी मिळते. पहिल्या पावसाचे पाणी वेगळे काढून टाकण्याची सोय, गाळणी आणि झाकलेली टाकी यांशिवाय हे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही. ते शौचालयांसाठी किंवा विहीर पुनर्भरणासाठी वापरणे अधिक सोपे असते.

मैला व सांडपाणी

ग्रामीण शाळांत दोन शोषखड्ड्यांचे शौचालय व सेप्टिक टाकी हे दोन प्रकार अधिक आढळतात. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत एक खड्डा भरला की पाण्याचा प्रवाह दुसऱ्याकडे वळवला जातो. पहिल्यातील मैल्याचे दीड ते दोन वर्षांत निर्धोक खत होते. घरगुती वापराच्या अशा खड्ड्यांबाबत, तळ भूजलाच्या सर्वोच्च पातळीपासून २ मी. वर आणि माती बारीक कणांची असल्यास पाण्याच्या स्रोतापासून किमान ३ मी., अन्यथा किमान १० मी. अंतर ठेवण्याचे मार्गदर्शन आहे. शाळेतील भार कुटुंबापेक्षा कितीतरी अधिक असल्याने व भेगाळ खडकात गाळण कमी होत असल्याने येथे अंतर वाढवावे लागते.

सेप्टिक टाकीची रचना भारतीय मानक २४७० नुसार केली जाते. टाकीत मैलापाणी ठरावीक काळ स्थिर राहिले तरच गाळ तळाशी बसतो. टाकी तीच ठेवून वापरणाऱ्यांची संख्या दुप्पट केल्यास पाणी थांबण्याचा काळ निम्म्यावर येतो, गाळ लवकर साचतो आणि न बसलेले कण शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रे बुजवतात. काही महिन्यांतच मैलापाणी आवारात वर येते. नवे शौचकूप जुन्या टाकीला जोडण्यापूर्वी टाकीची क्षमता तपासणे आवश्यक असते ते यामुळेच. टाकीतून बाहेर पडणारे पाणी रोगजंतूविरहित नसते. ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडले जाते.

खड्डे व टाक्यांवरील झाकणे जड, अखंड व लहान मुलांना उचलता न येण्यासारखी असावी लागतात. गाळ यंत्राने उपसणे बंधनकारक आहे. हाताने मेहतर काम करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ नुसार संरक्षक साधनांविना टाकी साफ करण्यास माणसाला उतरवणे हा गुन्हा आहे. विद्यार्थ्यांकडून, विशेषतः विशिष्ट जातींच्या मुलांकडून, शौचालये साफ करून घेणे हा भेदभाव ठरतो.

हात धुण्याच्या व भांडी घासण्याच्या जागेतील पाणी स्वतंत्र शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडले जाते. हे पाणी मैलापाण्यात मिसळल्यास टाकीवरील भार विनाकारण वाढतो. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते.

बांधकामाच्या काळातील परिणाम

शाळा चालू असताना होणारे बांधकाम हा विस्ताराचा सर्वाधिक जोखमीचा टप्पा मानला जातो. उघडे खड्डे, सळ्या, पाण्याचे तात्पुरते हौद आणि मालवाहू वाहने यांमुळे अपघात होऊ शकतात. धूळ व आवाज यांमुळे अध्यापनात व्यत्यय येतो. त्यावरील सर्वसाधारण उपाय असे :

- पाया खोदणे, पाडकाम व स्लॅब ही कामे शक्यतो मे महिन्याच्या सुट्टीत करणे
- बांधकामाची जागा पत्र्याच्या किंवा अन्य भक्कम कुंपणाने वेगळी करणे आणि मुलांचा मार्ग बदलणे
- खड्डे त्याच दिवशी भरणे किंवा झाकणे
- वाळू, सिमेंट व राडारोडा झाकून ठेवणे आणि तो नाल्यात वा क्रीडांगणावर न टाकणे
- जुने सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पत्रे न फोडता, ओले करून, अखंड उतरवणे
- मजुरांसाठी स्वतंत्र तात्पुरत्या शौचालयाची व पाण्याची सोय करणे
- शाळेचे जुने शौचालय नवे वापरात येईपर्यंत न पाडणे

यातील शेवटचा उपाय बहुतेक वेळा दुर्लक्षिला जातो. निधी किंवा काम रखडल्यास विद्यार्थ्यांना अनेक महिने कोणतीच सोय उरत नाही आणि त्याची झळ प्रथम मुलींना बसते.

पोषण आहार व घनकचरा

स्वयंपाकघर वर्गखोल्यांपासून वेगळे, हवेशीर व न पेटणाऱ्या छपराचे असावे लागते. लाकूडफाट्याच्या चुलीचा धूर वर्गात शिरत असल्यास गॅसचा वापर किंवा सुधारित धुराडे हे उपाय केले जातात. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजवलेल्या आहारामुळे २३ मुलांचा मृत्यू झाला. धान्य व तेलाचा साठा रसायने, रंग व सफाईच्या द्रव्यांपासून पूर्णतः वेगळा ठेवण्याची गरज या घटनेने अधोरेखित केली. विस्तारात कोठीघरासाठी जागा न ठेवल्यास या वस्तू एकाच खोलीत ठेवल्या जाण्याची शक्यता असते.

उष्टे-खरकटे व पालापाचोळा यांपासून खतखड्ड्यात कंपोस्ट करता येते. सॅनिटरी पॅडसारखा कचरा गुंडाळून वेगळा देणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी आवश्यक केले. उच्च प्राथमिक वर्ग जोडल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची कचरापेटी, आतून कडी व पाणी यांची गरज भासते. पाचवीपर्यंतच्या शाळेचा आराखडा करतानाही याचा विचार केला जातो, कारण काही मुलींची मासिक पाळी या वयातच सुरू होते.

देखभाल व निधी

शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम असल्याने स्वच्छतेची गरज त्यात नोंदवण्याची जबाबदारीही तिच्याकडे येते. समग्र शिक्षा योजनेत शाळेला मिळणाऱ्या एकत्रित अनुदानाचा किमान १० टक्के भाग स्वच्छता कृती आराखड्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. साबण, सफाई कामगाराचे मानधन, गाळ उपसा, पाणी तपासणी आणि नळ व कड्यांची दुरुस्ती हे आवर्ती खर्च होत. ते बांधकामाच्या निधीतून भागत नाहीत आणि विस्तारानंतर वाढतात.

मूल्यमापन व टीका

१५ ऑगस्ट २०१४ रोजी जाहीर झालेल्या स्वच्छ विद्यालय उपक्रमात एका वर्षात २,६१,४०० शाळांत ४,१७,७९६ स्वच्छतागृहे बांधल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांपैकी सार्वजनिक क्षेत्रातील केंद्रीय उपक्रमांनी बांधलेल्या स्वच्छतागृहांचे लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी केले. त्याचा अहवाल २०२० मध्ये संसदेत सादर झाला. पंधरा राज्यांत प्रत्यक्ष पाहणी केलेल्या स्वच्छतागृहांपैकी सुमारे ३० टक्के वापरात नव्हती, ७२ टक्क्यांत आत वाहते पाणी नव्हते, ५५ टक्क्यांच्या ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती आणि ७५ टक्क्यांत दिवसातून एकदाही सफाई होत नव्हती, असे त्यात नमूद आहे.

या निष्कर्षांमुळे बांधलेल्या सुविधांची संख्या हे यशाचे पुरेसे माप नाही, हा मुद्दा पुढे आला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त संनियंत्रण कार्यक्रमात शाळेची स्वच्छता सेवा ‘मूलभूत’ दर्जाची ठरण्यासाठी स्वच्छतागृह सुधारित प्रकारचे, मुलगे-मुलींसाठी वेगळे आणि पाहणीच्या वेळी वापरायोग्य असणे आवश्यक मानले जाते. कुलूप लावलेले स्वच्छतागृह या व्याख्येत बसत नाही.

महाराष्ट्रातील परंपरा

ग्रामस्वच्छतेचे प्रयोग महाराष्ट्रात स्वातंत्र्यपूर्व काळापासून झाले. अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळील गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करणाऱ्या संडासाचा प्रसार केला. देहू येथील डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयांना जोडलेल्या जैववायू संयंत्रांवर काम केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. २०००-०१ पासून राबवलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावाबरोबर शाळेच्या स्वच्छतेलाही स्थान मिळाले.

इतर देशांतील अनुभव

दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपो प्रांतात जानेवारी २०१४ मध्ये पाच वर्षांच्या विद्यार्थ्याचा शाळेतील जीर्ण खड्डा-शौचालयात पडून मृत्यू झाला. शाळांत साध्या खड्ड्याची शौचालये नसावीत, असा नियम त्या देशाने नोव्हेंबर २०१३ मध्येच केला होता. या प्रकरणी न्यायालयीन लढा झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अशी शौचालये बदलण्यासाठी सरकारने स्वतंत्र मोहीम सुरू केली. बांगलादेशात जीवाणूंपासून सुरक्षित पाणी मिळावे म्हणून घेतलेल्या कूपनलिकांत १९९० च्या दशकात आर्सेनिक मोठ्या प्रमाणावर आढळले. त्यानंतर नवा स्रोत वापरण्यापूर्वी रासायनिक तपासणी करण्याचे महत्त्व जगभर मान्य झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ४.क हे लक्ष्य सुरक्षित व सर्वसमावेशक शैक्षणिक सुविधांविषयी, तर ६.२ हे स्वच्छतेच्या सार्वत्रिक उपलब्धतेविषयी आहे. शाळांतील पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे व हात धुण्याच्या सोयी यांची आकडेवारी ४.क च्या निर्देशकात मोजली जाते.